आखडलेला खांदा आणि सोनोग्राफीची खोली

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या औसा रोडवर कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गेलं, की आधी पाटी दिसते. इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. पाटीखालच्या बाकड्यावर गरोदर बाया, त्यांच्या सासवा, एखादा मुतखड्याने वाकलेला तरुण, कावीळ झालेलं पोर. आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की खांदा दुखतो म्हणून कुणाला सोनोग्राफी लिहून दिली तर त्याला वाटतं, दुसऱ्याचीच चिठ्ठी आपल्या हातात आली. हा लेख त्या चिठ्ठीविषयी आहे. ती केव्हा लिहावी, केव्हा लिहू नये, आणि लिहिली तर नांदेड-लातूरकडच्या माणसाच्या पदरात नेमकं काय पडतं, याविषयी.

दुखणं घरोघरचं आहे. सुरुवात कधी झाली ते कुणालाच नीट सांगता येत नाही. पडझड नाही, मार नाही. आधी रात्री त्या कुशीवर झोपता येईना, मग मध्यरात्री ठणक्याने जाग यायला लागली, आणि एक दिवस वेणी घालायला हात वर नेला तर तो कानापाशीच अडला. बाईला पाठीमागचा हूक लावता येत नाही, पदर मागून पुढे ओढून घेता येत नाही. पुरुषाला मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, शर्टाची दुसरी बाही चढवायला कुणाला तरी हाक मारावी लागते. भाकरी थापता येते, पण फळीवरचा पिठाचा डबा उतरवता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची भांडी काढायला घेतली, की मग कळतं, हात निम्म्यावरच थांबलाय. ‘हात मागं जाईनाच’ ही मराठवाड्यातल्या हाडांच्या ओपीडीतली नेहमीची तक्रार आहे.

ओपीडीपर्यंत यायलाच मुळात उशीर होतो. आधी तेल, मग गरम विटेचा शेक, मग मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या. घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, वात भरलाय. खांदा डावा असेल तर हार्टची भीती वाटून ईसीजी होतो, आणि तो करून घेणं योग्यच आहे. मग कुणीतरी मानेचा एक्स-रे काढतं आणि ‘मणक्यात गॅप’ निघतो. चाळिशीपुढच्या निम्म्याअधिक मानांच्या एक्स-रेत काही ना काही निघतंच. गळ्यात पट्टा येतो. खांदा मात्र तिकडे रोज थोडा थोडा आवळत जातो. यात सहा महिने सहज जातात.

वैद्यांना हा आजार फार जुना माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये अवबाहुक येतो. खांद्याची बंधनं सुकतात, शिरा आकसतात आणि हात निकामी होतो, असं त्याचं वर्णन आहे. पाश्चात्त्य वैद्यकात पॅरिसच्या द्युप्ले या शल्यविशारदाने १८७२ मध्ये खांद्याभोवतीच्या या दुखण्यावर लिहिलं. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हिएझर यांनी सांध्याचं आवरण प्रत्यक्ष उघडून पाहिलं. ते जाड झालेलं, आकसलेलं, हाडाच्या गोळ्याला चिकटलेलं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी ‘अ‍ॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’ असं नाव दिलं. पुढे दुर्बिणीतून आत पाहणं शक्य झालं तेव्हा कळलं, की चिकटण्यापेक्षा आकसणं हाच मुख्य प्रकार आहे. नाव मात्र तसंच राहिलं.

खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, त्याला टेकायला मिळालेली वाटी अगदी उथळ. भोवती एक पातळ आवरण असतं, आणि काखेच्या बाजूला ते मुद्दाम सैल असतं. सदऱ्याच्या काखेत शिंपी जास्तीचं कापड सोडतो, तशी ही घडी. हात वर गेला की ती उलगडते. आजारात या आवरणाच्या आतल्या अस्तराला सूज येते, तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मग जखमेच्या वणासारखे घट्ट तंतू तयार होतात आणि घडी मिटून जाते. निरोगी सांध्यात वीस मिलिलिटरहून अधिक द्रव सहज मावतो. आखडलेल्या सांध्यात दहा मिलिलिटर घालतानाही सिरिंजचा दट्ट्या मागे ढकलला जातो. खांद्याच्या पुढच्या बाजूला हाडाचं एक आकड्यासारखं टोक असतं, कोराकॉइड. तिथून दंडाच्या गोळ्याकडे जाणारा एक अस्थिबंध आहे, कोराकोह्यूमरल. तो जाड झाला, की हात बाहेरच्या बाजूला फिरणं सगळ्यात आधी थांबतं.

म्हणून निदान हातानेच होतं, आणि मला ही गोष्ट कुठल्याही यंत्राच्या आधी सांगायची आहे. कोपर कमरेला चिकटवायचं, काटकोनात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. चांगला खांदा साठ अंशांच्या आसपास सहज फिरतो. आखडलेला वीस-तीसवर अडतो, कधी जागचा हलतच नाही. आता डॉक्टरांनी तोच हात स्वतः फिरवून बघायचा. इथे सगळं उलगडतं. लातूरच्या आडत बाजारात पोती वाहिलेल्या हमालाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटलेली असेल तर त्याला स्वतःला हात वर करता येत नाही, पण डॉक्टरांनी धरून उचलला तर तो जातो. आखडलेल्या खांद्याचा हात पेशंटने न्यावा की डॉक्टरांनी, अडतो एकाच जागी. ही तपासणी करायला दोन मिनिटं लागतात. मात्र पेशंटने शर्ट काढायला हवा आणि डॉक्टरांनी खुर्चीतून उठायला हवं. शे-दीडशे पेशंटच्या ओपीडीत नेमकं हेच राहून जातं.

त्यानंतर साधा एक्स-रे. तो नॉर्मल येणं हाच निदानाचा भाग आहे, म्हणून तो वगळू नये. आपल्या भागात तर मुळीच नाही. खांद्याच्या क्षयाचा एक कोरडा प्रकार असतो. त्यात पू होत नाही, गळू दिसत नाही, फक्त दंड बारीक होतो आणि सांधा हळूहळू आखडतो. तो फ्रोझन शोल्डर समजून आत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर क्षयाला मोकळं रान मिळतं. दुसरी गोष्ट विजेच्या शॉकची. फिट येऊन किंवा शॉक बसून खांदा कधीकधी मागच्या बाजूला निखळतो. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये ते चटकन दिसत नाही, आणि हात बाहेर फिरत नाही हे लक्षण मात्र तंतोतंत तेच असतं. शेतात मोटारीचा शॉक बसल्यावर खांदा धरला, असं कुणी सांगितलं तर बाजूने घेतलेला एक्स-रे मागायलाच हवा.

इतकं स्पष्ट असेल, तर सोनोग्राफी कशाला? खरं उत्तर असं, की पंचावन्न वर्षांची बाई, शुगर आहे, चार महिन्यांपासून खांदा दुखतोय, हात बाहेर फिरत नाही, एक्स-रे चांगला आहे, तर सोनोग्राफी नाही केली तरी चालेल. उपचार सुरू करावेत. एमआरआयसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठायला सांगणं तर अशा वेळी अन्यायच आहे.

पण प्रत्येक पेशंट असा स्पष्ट नसतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दुखणं भरपूर आणि आखडणं थोडंच, अशी अवस्था असते. तेव्हा आखडू लागलेला खांदा, कंडरेला आलेली सूज, कंडरेत साठलेलं कॅल्शियम आणि गादीसारख्या पिशवीत भरलेलं पाणी ही चारही दुखणी तक्रारीवरून सारखीच वाटतात. हात उचलला की सगळेच ओरडतात. अशा वेळी आत डोकावण्याची स्वस्त, जवळची, किरणोत्सर्ग नसलेली खिडकी म्हणजे सोनोग्राफी. इथे तिची किंमत मोठी आहे, कारण स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा सगळ्यात जास्त गुण याच सुरुवातीच्या टप्प्यात येतो. वर्ष उलटल्यावर खांदा आखडलाय हे कुणीही सांगेल.

ही तपासणी कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. पोटाच्या सोनोग्राफीत आपण आडवे होतो. खांद्याच्या वेळी पेशंट स्टुलावर बसतो. पोटासाठीचा प्रोब गोलसर तोंडाचा असतो, त्याची वारंवारता दोन ते पाच मेगाहर्ट्झ, लहर खोल जाते पण बारीक तपशील दाखवत नाही. खांद्यासाठी सपाट तोंडाचा, लिनिअर प्रोब लागतो, साधारण सात ते पंधरा मेगाहर्ट्झचा. तो खोल जात नाही, पण कातडीखालच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये मिलिमीटरचा फरक दाखवतो. थायरॉइड आणि स्तनाच्या तपासणीला तोच वापरतात, म्हणून बहुतेक केंद्रांत तो यंत्राला लटकलेला असतोच. खांद्यावर तो क्वचित टेकतो, इतकंच.

पेशंट तळवा वर करून हात मांडीवर ठेवतो. दंडाच्या पुढच्या खोबणीत बायसेप्सची कंडरा पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. तिच्याभोवती काळं कडं असेल तर ते पाणी आहे. या कंडरेचं वेष्टन सांध्याशी जोडलेलं असतं. सांध्याची जागा आकसली की आतलं पाणी इथे येऊन साठू शकतं. मग डॉक्टर सांगतात, कोपर कमरेलाच ठेवा आणि हात बाहेर फिरवा. चांगल्या खांद्यात कोराकॉइडच्या मागून सबस्कॅप्युलॅरिसची कंडरा सरकत पडद्यावर येते. आखडलेल्यात ती अर्धवट येऊन थांबते. मघाशी हाताला जे जाणवलं तेच इथे डोळ्यांनी दिसतं, आणि सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा मुलालाही दिसतं. ‘आई उगीच कामं टाळते’ असं घरात बोललं गेलं असेल, तर या पडद्याने ते खोटं ठरतं. सासुरवाशिणीच्या दुखण्याला पुरावा मागणाऱ्या घरांत ही लहान गोष्ट नाही.

मग तो कोराकोह्यूमरल अस्थिबंध मोजतात. ब्राझीलमधल्या होम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न दुखणाऱ्या खांद्यांत त्याची जाडी सरासरी १.३४ मिलिमीटर भरली, इतर कारणांनी दुखणाऱ्यांत १.३९ आणि आखडलेल्यांत ३ मिलिमीटर. नुसत्या दुखण्याने तो जाड होत नाही, हे त्यातून चांगलं दिसलं. मात्र त्या अभ्यासात आखडलेले खांदे सतराच होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याच जागी रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावला तर नव्या रक्तवाहिन्यांचे लाल-निळे ठिपके चमकतात. ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००५ मध्ये ३० पैकी २६ आखडलेल्या खांद्यांत पुढच्या कोपऱ्यात, रोटेटर इंटरव्हलमध्ये, असं काळपट, रक्तवाहिन्यांनी भरलेलं ऊतक दिसलं. हे ठिपके आजार पेटलेला असतानाच दिसतात. वर्षभराने खांदा पूर्ण गोठलेला असताना ते नसले, तर आजारच नाही असा अर्थ काढू नये.

पुढची पायरी अवघड असते. वरच्या कंडरेसाठी, म्हणजे सुप्रास्पायनेटससाठी, हात मागच्या खिशात घालायला सांगतात, आणि या पेशंटला नेमकं तेच जमत नाही. हात जिथवर जाईल तिथवर नेऊन भागवावं लागतं. घाईत मागे ओढला तर पेशंट कळवळतो आणि पुढची तपासणी होऊच देत नाही. मग हात बाजूने वर. निरोगी खांद्यात कंडरा वरच्या हाडाखाली अलगद शिरते. आखडलेल्यात ती अडते आणि खांद्याचं पातं आधीच वर उचललं जातं. शेवटी प्रोब काखेत. हात जेमतेम उचलून घडीच्या जागी आवरणाची जाडी मोजतात. फ्रान्समधल्या २०१३ च्या एका छोट्या अभ्यासात ती आखडलेल्या बाजूला सुमारे ४ मिलिमीटर भरली आणि त्याच माणसांच्या दुसऱ्या, चांगल्या खांद्यात १.३. दुसरा खांदा पाहिल्याशिवाय ही तपासणी पुरी झाली असं मी म्हणणार नाही. पेशंटचं मोजमाप त्याच्याच दुसऱ्या बाजूशी लावायचं असतं, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा जास्त लागत नाहीत.

काखेत प्रोब लावायचा म्हणजे बाईमाणसाला कपडे सैल करावे लागतात. घट्ट बाहीचं ब्लाउज वर सरकत नाही, खोलीत पुरुष तंत्रज्ञ असतो, बाहेर रांग असते. संकोचाने बाई अंग चोरते आणि अंग चोरलं की खांदा आणखी आवळतो. अंगावर घ्यायला एक चादर, खोलीत एक बाई मदतनीस आणि आदल्या दिवशी ‘सैल बाहीचे कपडे घालून या’ असा निरोप, एवढ्याने तपासणीचा दर्जा बदलतो. याला खर्च काही नाही.

आता दुसरी बाजू. सोनोग्राफी ही यंत्रापेक्षा ते धरणाऱ्या हाताची तपासणी आहे. प्रोब किंचित तिरका धरला गेला तर धडधाकट कंडराही काळी दिसते आणि रिपोर्टात ‘पार्शियल टेअर’ येतं. साठीनंतर तर कधीच न दुखलेल्या खांद्यांतही फाटलेल्या कंडरा सापडतात. असा रिपोर्ट हातात पडला की घरचे घाबरतात, आणि ज्या खांद्याला धीर आणि व्यायाम हवा होता तो ऑपरेशनच्या टेबलाकडे निघतो. म्हणून माझं म्हणणं असं, की चिठ्ठीवर नुसतं ‘खांद्याची सोनोग्राफी’ लिहून भागत नाही. हात किती फिरतो, किती महिन्यांपासून दुखतंय, शुगर आहे का, या तीन गोष्टी हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहायला हव्यात. आणि रेडिओलॉजिस्टनी रिपोर्टात फक्त कंडरांची यादी न देता आवरणाविषयी, अस्थिबंधाविषयी, हालचालीविषयी एक ओळ द्यायला हवी. विचारलंच नाही तर सांगितलं जात नाही, आणि मग सोनोग्राफीत काही निघालं नाही असं सांगून पेशंटला घरी पाठवलं जातं.

चिठ्ठीवरच्या त्या तीनपैकी शेवटचा, शुगरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. सर्वसाधारण लोकसंख्येत खांदा आखडण्याचं प्रमाण शेकडा दोन ते पाच सांगतात. मधुमेहींमध्ये ते, २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, १३.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे पाच पट धोका. उलट बाजूने पाहिलं तर आखडलेल्या खांद्याच्या दर दहा पेशंटमध्ये तिघे मधुमेही निघतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती शरीरातल्या कोलॅजनच्या तंतूंना बिलगते, तंतू एकमेकांत गुंततात, लवचीकपणा जातो. हेच बोटांतही होतं. काही मधुमेहींना नमस्कार करताना दोन्ही तळवे पूर्ण जुळवता येत नाहीत, मध्ये फट राहते. डॉक्टर हे लक्षण म्हणून मुद्दाम पाहतात. थायरॉइडचा बिघाडही खांदा आखडवतो.

याचा अर्थ इतका सरळ आहे, की ‘हात मागं जाईना’ म्हणणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाची शुगर तपासायला हवी, आधी कधी निघाली नसली तरी. गावाकडे पुष्कळांना शुगर आहे हे माहीतच नसतं. कधी खांद्याच्या निमित्तानेच ती पहिल्यांदा कळते. हजारो रुपयांची तपासणी करण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, करा, थायरॉइड करा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम उपकेंद्रांपर्यंत पोचलाय, आशाताई त्यासाठी घरोघर फॉर्म भरतात. त्या प्रश्नांत ‘हात पाठीमागे जातो का?’ हा आणखी एक प्रश्न का नसावा? मराठवाड्यापुरता तरी तो घालून बघावा असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा त्या पाटीकडे. खांद्याची सोनोग्राफी एवढी उपयोगी, तर हाडांच्या डॉक्टरांनी आपल्याच टेबलावर यंत्र का ठेवू नये, फिजिओथेरपिस्टने का वापरू नये? परदेशात तसं सर्रास होतं. आपल्याकडे ते का होत नाही याचं उत्तर मराठवाड्याच्याच इतिहासात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी त्या ८९४ होत्या. बीड जिल्ह्यातल्याच परळीचं बेकायदा स्त्रीगर्भपातांचं प्रकरण २०१२ मध्ये उघडकीला आलं आणि मराठवाड्याची मान खाली गेली. त्यामुळे यंत्र थायरॉइडसाठी वापरा की खांद्यासाठी, त्याची नोंदणी लागतेच. ते हलवण्यावर बंधनं आहेत. २०१२ च्या नियमांनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त केंद्रांवर काम करता येत नाही.

हाडांच्या काही डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना हा कायदा जाचक वाटतो. त्यांची अडचण खरी आहे. तरीही कायदा सैल करावा असं मी म्हणणार नाही. ज्या मुलखात एवढ्या मुली जन्माआधीच गेल्या, तिथे खांद्याच्या सोयीसाठी फट ठेवता येणार नाही. वाट दुसरीकडून काढायला हवी. नोंदणी झालेली यंत्रं आपल्याकडे आहेतच. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चं. नांदेडचं, आज डॉ. शंकरराव चव्हाणांच्या नावाचं आणि विष्णुपुरीत असलेलं, १९८८ चं. लातूरचं, आता विलासराव देशमुखांच्या नावाचं, २००२ चं. लातूरला खासगी एमआयएमएसआर वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये उभं केलेलं विवेकानंद रुग्णालय आहे. या संस्थांच्या रेडिओलॉजी विभागांत आठवड्याची एक दुपार खांद्यासाठी राखून ठेवता येईल. रेडिओलॉजिस्ट, हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट त्या दिवशी एकाच खोलीत बसतील, पेशंटला तीन दारं हिंडावी लागणार नाहीत. एमडी करणाऱ्या मुलांचे हात त्यावर तयार होतील, आणि तीच मुलं उद्या उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवटला केंद्रं काढतील.

या रुग्णालयांवर बोजा किती आहे हे मला माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या मृत्यूंची बातमी देशभर गेली, तेव्हा हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही पेशंट तिथे येतात हे साऱ्यांना कळलं. तिथे खांदा रांगेत शेवटी उभा राहणार. खांद्याने कुणी मरत नाही. पण सोयाबीनच्या काढणीला न जाता आलेली बाई, कापूस वेचायला न जाता आलेली बाई वर्षभराची मजुरी गमावते, आणि ती कुठल्याच नोंदवहीत लिहिली जात नाही.

सोनोग्राफीचा दुसरा उपयोग उपचारात आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन नुसत्या अंदाजाने दिलं तर ते बरेचदा सांध्याच्या बाहेरच पडतं. प्रोब खांद्याच्या मागे ठेवला की सुई पडद्यावर चमकत्या रेघेसारखी पुढे सरकताना दिसते, गोळ्याच्या कडेशी पोचते, आणि औषध आवरणाखाली पसरताना दिसतं. त्याच सुईतून सलाइन भरून आकसलेलं आवरण आतून ताणता येतं. ही युक्ती १९६५ पासून माहीत आहे. मधुमेही पेशंटला एक गोष्ट बजावून सांगायला हवी, की इंजेक्शननंतर काही दिवस, कधी आठवडाभर, शुगर चढते. रोज तपासावी, आपल्या शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवावं, आणि शुगर फारच चढलेली असेल तर आधी ती खाली आणावी.

ऑपरेशनविषयी ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ पेशंटवर झालेली चाचणी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं आणि दुर्बिणीतून आवरण कापणं, या तिन्हींची तुलना होती. वर्षअखेर कुठलाच उपचार दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. ज्याच्याकडे ऑपरेशनचे पैसे नाहीत त्याने हे वाचून मनाला लावून घेऊ नये. साधा उपचार नीट मिळाला तर तो मागे पडत नाही.

नीट म्हणजे कसा, हेही सांगायला हवं. ठणका जोरात असताना खांदा रेटून फिरवू नये. हॉलंडमध्ये २००४ च्या एका अभ्यासात वेदनेच्या मर्यादेत साधे व्यायाम केलेल्यांपैकी ८९ टक्के दोन वर्षांत चांगले बरे झाले. जोर लावून ताण दिलेल्यांत ६३ टक्केच. मालीशवाल्याचा झटका म्हणूनच धोक्याचा आहे. पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि लहान गोल फिरवायचा, हा व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. भिंतीवर बोटं चढवत नेणं, पाठीमागे पंचा धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढणं, काठी आडवी धरून हात बाहेर फिरवणं. रोज, थोडं थोडं, शेक घेऊन. माहूर-किनवटहून नांदेडला दर आठवड्याला एसटीने येऊन फिजिओथेरपी घेणं मजुराला परवडत नाही. त्याला एकदा नीट शिकवावं आणि पुढे फोनवर विचारपूस करावी.

‘आपोआप बरं होतं’ असं सांगून पेशंटला वाटेला लावण्याची पद्धतही सोडायला हवी. बहुतेकांचं एक ते तीन वर्षांत पुष्कळ सुधारतं हे खरं. पण १९९२ मध्ये अमेरिकेत सरासरी सात वर्षांनी तपासलेल्या पेशंटपैकी निम्म्यांना थोडं दुखणं किंवा आखडणं उरलेलंच होतं. मधुमेहींना वेळ जास्त लागतो आणि काही वर्षांनी दुसरा खांदाही धरू शकतो.

वाचकांना एक विनंती. तुमचं किंवा घरातल्या कुणाचं वय चाळिशीपुढे असेल, शुगर असेल, तर आजच दोन्ही कोपरं कमरेला टेकवा आणि दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्या. एक हात दुसऱ्यापेक्षा कमी फिरत असेल तर मालीश थांबवा, आठवड्याभरात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट सोबत न्या. त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली, तर केंद्रात फोन करून आधी विचारा, खांदा पाहणारे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, आणि दोन्ही खांदे पाहतील का.